पर्सोना ५ नंतर बाल्डर्स गेट ३: लेव्हल वाढवत बसू का?

प्रश्न: पर्सोना ५सारख्या जपानी आरपीजीची (पात्रांची ताकद म्हणजे लेव्हल वाढवत खेळायच्या व्हिडिओ गेमची) सवय आहे. बाल्डर्स गेट ३ या गेममध्ये पहिल्याच लढायांत पार्टी (माझ्या पात्रांची टोळी) आडवी होते. आधी लेव्हल वाढवायची का?

उत्तर १: नको, मारलेले शत्रू परत उगवत नाहीत, त्यामुळे त्यांनाच पुन्हा पुन्हा मारून लेव्हल वाढवता येत नाही. कमाल लेव्हलही १२च. पर्सोनात शत्रूच्या कमजोरीवर घाव बसला की तो कोसळतो आणि जादा चाल मिळते. इथे घाव बसतो की नाही, हे २० बाजूंचा फासा ठरवतो. उंचावरून मारा केला तर फाशाच्या आकड्यात २ वाढतात, खालून केला तर २ घटतात. म्हणून तिरंदाजाला आधी शिडी चढवा!

उत्तर २: शिवाय एकाग्रता लागणारा मंत्र एका वेळी एकच टिकतो. ‘ब्लेस’ (साथीदारांचे फासे सुधारणारा असाच एक मंत्र) तिघांवर चालू असताना त्याच पात्राने असा दुसरा टाकला, की ब्लेस विझतो. नवखे इथेच फसतात.