स्केटर आयत्या वेळी नाव मागे का घेतात? दुखापत खरी असते की कारण?

तर्री_जास्त:
मंडळी, फिगर स्केटिंग बघणारं कोणी आहे का इथे? आमच्या घरात हे वेड भाचीमुळे शिरलं, ती गंगापूर रोडला रोलरवर आर्टिस्टिक करते, नाशकात बर्फ कुठला मिळायला, निफाडचा पारा कितीही खाली जाऊ दे. तर मामा-भाची रात्री जागून बर्फावरच्या स्पर्धा बघतो आणि नेमकं जिच्यासाठी जागलो तिनेच नाव मागे घेतलेलं असतं. कधी घोटा, कधी ताप, कधी नुसतंच 'तब्येतीच्या कारणास्तव'. हे लोक खरंच एवढे नाजूक असतात की हरायची वेळ आली की घोटा दुखतो? विचारायचं कारण म्हणजे पोरीची स्पर्धा तोंडावर आलीय, उजवा घोटा सुजलाय आणि ती म्हणतेय मी खेळणारच. ताई म्हणते खेळू दे, वर्षभर राबलीये.

चाकं_आणि_ब्लेड:
मी रोलर शिकवतो, बर्फावर जेमतेम उभा राहिलोय, पण उडी ती उडीच. बहुतेक स्केटर डावीकडे गिरकी घेतात आणि प्रत्येक उडी उजव्या पायावर उतरतात, मागे जात, एकाच पायावर, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर घेऊन. त्यात बूट एवढा टणक की घोटा नीट वाकतच नाही, मग तो धक्का गुडघा, खुबा, कंबर असा वर चढत जातो. टीव्हीवर आपल्याला चार मिनिटं दिसतात, पण त्या एका उडीसाठी रोज सकाळी किती वेळा आपटलेत ते कोणी दाखवत नाही. हाडाला बारीक चीर जाते ती अशीच, पडून नाही, रोजच्या उतरण्याने.
रशियाची मेदवेदेवा आठवते का, २०१७ मध्ये उजव्या पावलाच्या हाडाला चीर असताना तिने ग्रां प्रीच्या (दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेच्या) आपल्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, फायनलला जागा पक्की झाली आणि मग फायनल पण सोडली आणि रशियाची नॅशनल पण. फेब्रुवारीत प्योंगचांग ऑलिंपिकला सिल्वर, गोल्ड फक्त १.३१ गुणांनी गेलं. हिला भित्री म्हणायचं का?
तापाचं म्हणाल तर ताप असताना जिना उतरून बघा, मग हवेत तीन गिरक्या घ्यायचा विचार करा.

निफाडचा_गारठा:
सगळे काही मेदवेदेवा नसतात हो. प्लुशेंको विसरलात? २०१४ सोची ऑलिंपिक, रशियाला पुरुष एकेरीत एकच जागा, नॅशनल जिंकलेला कोवतुन घरी बसवला आणि ३१ वर्षांच्या साहेबांना पाठवलं. साहेबांनी टीम इव्हेंटमध्ये शॉर्ट, फ्री म्हणजे छोटी आणि मोठी दोन्ही फेऱ्या करून गोल्ड गळ्यात घातलं आणि चार दिवसांनी एकेरीच्या शॉर्टला वॉर्मअपमध्ये एक ट्रिपल अॅक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) बिघडला, पाठ धरली, रेफ्रीशी बोलले आणि बाहेर. झालं, यजमान देशाचा एकही पुरुष एकेरीत नाही. पाठ दुखत असेलच, नाही म्हणत नाही, वर्षभर आधी त्याच पाठीचं ऑपरेशन झालेलं. पण मग हे चार दिवस आधी कळत नव्हतं? त्या पोराची जागा अडवून ठेवली ना राव.

कॉलेजरोड_काकू:
निफाडकर, पटलं, आणि म्हणूनच अमेरिकेच्या मिशेल क्वानचं कौतुक वाटतं मला. २००६ ला ती दुखापतीमुळे अमेरिकेच्या नॅशनलला उतरली नव्हती, तरी जुन्या पुण्याईवर तोरिनो ऑलिंपिकचं तिकीट मिळालं. तिथे पहिल्याच प्रॅक्टिसला जांघेतलं दुखणं परत उसळलं आणि तिने स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच नाव काढून घेतलं. दोन ऑलिंपिक मेडलं होती पण गोल्ड नव्हतं, ही शेवटची संधी होती आणि तिला ते माहीत होतं. तिच्या जागी एमिली ह्यूजेस विमानात बसून आली आणि सातवी आली. आधी सांगितलं की राखीव खेळाडूचं भलं होतं, पाय बर्फावर ठेवल्यावर सांगितलं की जागा वाया. मला तरी सगळा प्रश्न तिथेच वाटतो, दुखणं खरं की खोटं हे आपण सोफ्यावर बसून काय ठरवणार.
आणि कधीकधी माणूस काहीच ठरवत नाही. बीजिंग ऑलिंपिक २०२२ ला अमेरिकेचा व्हिन्सेंट झोउ टीम इव्हेंट खेळला आणि लगेच कोविड पॉझिटिव्ह, एकेरी गेलीच. त्या टीम इव्हेंटचं गोल्ड रशियाच्या डोपिंग प्रकरणामुळे हातात पडलं ते २०२४ ला पॅरिसमध्ये, भर उन्हाळ्यात.

तर्री_जास्त:
काकू हे भारी. पण जपानचा हान्यू? तो तर २०१४ ला शांघायमध्ये वॉर्मअपला दुसऱ्याला धडकून डोक्याला पट्टी बांधून खेळला आणि दुसरा आला. भाचीच्या मोबाइलवर तोच फोटो आहे, मला तोच दाखवते सारखी.

चाकं_आणि_ब्लेड:
तिला त्याचं पुढचं पण दाखवा. २०१७ नोव्हेंबरला ओसाकाला प्रॅक्टिसमध्ये क्वाड लुट्झवर (चार गिरक्यांच्या उडीवर) पडला, उजव्या घोट्याचं लिगामेंट गेलं. त्याच हान्यूने ती स्पर्धा सोडली, त्यामुळे ग्रां प्री फायनल हुकली, जपानची नॅशनल सोडली, आणि थेट ऑलिंपिकला उतरून गोल्ड घेतलं. शांघायचं ते धाडस मला स्वतःला बघवलं नव्हतं, डोक्याला मार लागलेल्या पोराला परत कोणी सोडतं का.

निफाडचा_गारठा:
आपल्या चांदवडच्या रोइंगवाल्या दत्तू भोकनळचं काय मग? २०१८ एशियाडला आजारी अंगाने सिंगल्सची फायनल वल्हवली, सहावा आला, पार कोसळला होता. दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत गोल्ड!! तो थांबला असता तर?

कॉलेजरोड_काकू:
तो गडी सैन्यातला, तिकडे टीमचे डॉक्टर सोबत. तर्री, भाची कितवीत आहे?

तर्री_जास्त:
सातवीत. सूज बाहेरच्या बाजूला आहे, चालताना लंगडत नाही पण जिना उतरताना कठडा धरते, आणि ताईला कळू नये म्हणून घरात मोजे घालून फिरते.

चाकं_आणि_ब्लेड:
मोजे म्हणजे तिलाही कळलंय. घोट्याच्या हाडावर बोटाने दाबून बघा आणि त्याच पायावर उडी मारायला सांगा, दुखलं तर उद्याच हाडाच्या डॉक्टरकडे. एक्सरेत काही दिसलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, बारीक चीर सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही, दुखतच राहिलं तर परत दाखवा. आणि आयोजकांना आजच फोन करून विचारा नाव कधीपर्यंत काढता येतं, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी घेता येईल. डॉक्टरकडे जाताना बूट सोबत न्या, घोट्यापाशी बूट आतून मऊ पडला असेल तर निम्मं दुखणं तिथलंच असतं.

तर्री_जास्त:
बूट गेल्या वर्षीचेच आहेत, नंबर एकने कमी पडतोय असं तीच म्हणाली होती. आज संध्याकाळी नेतो तिला, ताईला फोन करतो आधी.