अल्सेसची वाइन कोणाची : भाषेची, राज्याची की बागायतदारांची?

मृद्गंध (मूळ लेख) :

शाळेच्या इतिहासात फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचा अल्सेस आपल्याला ‘अल्सेस-लॉरेन’ या जोडनावानेच भेटतो. १८७१ मध्ये जर्मनीने तो घेतला, १९१८ मध्ये फ्रान्सला परत मिळाला, १९४० मध्ये हिटलरने बळकावला आणि दुसरे महायुद्ध संपताना तो पुन्हा फ्रेंच झाला, एवढे परीक्षेपुरते पाठ करून आपण पुढे जातो. तिथली माणसे घरात काय बोलतात आणि शेतात काय पिकवतात, हे विचारायचे राहूनच जाते.

माझे मत स्पष्ट आहे. अल्सेसची वाइन फ्रान्समध्ये तयार होत असली तरी तिची संस्कृती जर्मन भाषाकुळातली आहे आणि फ्रेंच राज्यव्यवस्थेने ही गोष्ट मोकळ्या मनाने कधी मान्य केलेली नाही. व्होज पर्वत आणि ऱ्हाइन नदी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी आहे. सह्याद्री ओलांडल्यावर पाऊस जसा ओसरतो तसाच तो व्होजच्या पूर्वेला ओसरतो, त्यामुळे कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. या उतारांवर रीस्लिंग, गेवुर्त्स्ट्रामिनर, सिल्व्हानर हे वाण वाढतात, आणि हेच वाण ऱ्हाइनपलीकडेही लावले जातात. बाटली हातात घेऊन पाहा. ती उंच आणि सडपातळ असते, तिला खांदे जवळजवळ नसतातच, आणि लेबलावर वाणाचे नाव ठळक छापलेले असते. बोर्दो या दुसऱ्या फ्रेंच वाइनप्रदेशाच्या बाटलीवर बहुधा गावाचे किंवा मळ्याचे नाव असते, वाण आपण ओळखायचा. गावांची नावे, आडनावे, घरातली अल्सेशियन बोली, सगळेच अलेमानी (नैर्ऋत्य जर्मनी व स्वित्झर्लंडकडच्या जर्मन बोलींच्या) वळणाचे आहे. या बोलीच्या वाट्याला १९४५ नंतर काय आले? प्राथमिक शाळांतून जर्मन काढून टाकली गेली आणि फ्रेंच बोलण्यातच प्रतिष्ठा आहे असे मुलांच्या मनावर ठसवले गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्या समाजाला तरी ही वेदना परकी वाटू नये.

उत्तरायण :

मृद्गंध, बोलीविषयीची आपली कळकळ पटते, पण निष्कर्ष पटत नाही. भाषा जर्मन म्हणून प्रदेश जर्मन, हा युक्तिवाद १८७० मध्येच झाला होता. जर्मन इतिहासकार थिओडोर मॉमसेन यांनी तो मांडला, आणि अल्सेसमधल्या स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात इतिहास शिकवलेल्या फ्रेंच इतिहासकार फ्युस्तेल द कुलांज यांनी त्याला उत्तर दिले की राष्ट्र वंशाने किंवा भाषेने ठरत नाही, लोकांना कोणाबरोबर राहायचे आहे यावर ते ठरते. १८७४ मध्ये अल्सेस-लॉरेनमधून निवडून गेलेल्या १५ प्रतिनिधींच्या वतीने जर्मन संसदेतच या विलीनीकरणाचा निषेध नोंदवण्यात आला. त्यांच्यापैकी अनेकांची घरची भाषा जर्मनच्या जवळची असूनही त्यांनी हे केले. संयुक्त महाराष्ट्राचा दाखला इथे म्हणूनच लागू पडत नाही. बेळगावच्या मराठी माणसाची भाषा आणि त्याची इच्छा एकाच दिशेला बोट दाखवतात, अल्सेसमध्ये त्या दोन वाटा फुटल्या होत्या.

आता वाइनविषयी. जर्मन साम्राज्याच्या काळात अल्सेसच्या वाइनला स्वतःची ओळख जवळपास उरली नव्हती. ती मोठ्या प्रमाणावर स्वस्त मिश्रणासाठी जाई आणि भरपूर उत्पन्न देणाऱ्या हलक्या वाणांची लागवड वाढली होती. १९१८ नंतर जर्मन बाजार तुटला आणि दक्षिण फ्रान्सच्या स्वस्त वाइनशी भावात टक्कर देणे शक्य नव्हते. तेव्हा इथल्या बागायतदारांनी चांगल्या वाणांची कास धरली, आणि त्या निर्णयाची किंमत अनेक वर्षे कमी उत्पन्नाच्या रूपात मोजली. मूळस्थान-नामांकन (वाइन कोणत्या प्रदेशातली हे सांगणारा कायदेशीर दर्जा) १९६२ मध्ये मिळाले, ‘ग्रां क्रू’ची (निवडक उत्तम बागांना मिळणाऱ्या दर्जाची) व्यवस्था १९७५ मध्ये सुरू झाली, आणि १९७२ पासून ही वाइन उत्पादन क्षेत्रातच बाटलीत भरणे सक्तीचे आहे. ज्या बाटलीकडे आपण पुरावा म्हणून बोट दाखवता, तिचे आजचे स्थान फ्रेंच कायद्याने जपलेले आहे. विसाव्या शतकात लोकांनी जाणीवपूर्वक घडवलेली गोष्ट प्राचीन वारसा म्हणून मांडली, तर ती घडवणाऱ्यांच्या कष्टांवर अन्याय होतो.

कृष्णाकाठ :

दोन्ही बाजू एक प्रदेश कोणत्या तरी एका खात्यात जमा करू पाहत आहेत, म्हणून थोडे लिहितो. अल्सेसच्या उत्तरेला सीमेवर विसेम्बुर्ग हे गाव आहे. सीमेपलीकडच्या श्वायगेन या जर्मन गावातल्या बागायतदारांच्या कित्येक बागा फ्रेंच भूमीवर आहेत आणि तिथल्या द्राक्षांची वाइन जर्मन वाइन म्हणून विकता येते. सकाळी छाटणीला निघालेला माणूस देश ओलांडून स्वतःच्याच बागेत जातो. अल्सेसमधले रिकवीर हे गाव तर फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याच्या ड्यूकांच्या ताब्यात होते, मग चौदाव्या लुईने १६८१ मध्ये स्ट्रासबुर्ग घेतले तेव्हाची सीमा नेमकी कुठे होती म्हणायचे?

स्ट्रासबुर्गच्या मध्यवर्ती चौकात १९३६ मधले युद्धस्मारक आहे. एक आई आपल्या दोन मरणाऱ्या मुलांना सावरून बसली आहे. एक मुलगा फ्रान्ससाठी लढला, दुसरा जर्मनीसाठी, पण दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. खाली फक्त ‘आमच्या मृतांस’ असे कोरले आहे. फ्रान्समधल्या असंख्य स्मारकांवर दिसणारे ‘फ्रान्ससाठी’ हे शब्द इथे नाहीत. पुढे १९४२ पासून अल्सेस आणि मोझेलमधल्या (लॉरेनच्या जर्मनीत गेलेल्या भागातल्या) सुमारे १,३०,००० जणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले, आणि १९५३ मध्ये ओराद्युर हत्याकांडाच्या (१९४४ मध्ये जर्मन एसएस सैनिकांनी एका फ्रेंच गावात केलेल्या कत्तलीच्या) खटल्यात अशा सक्तीने भरती झालेल्या काही अल्सेशियनांवर फ्रान्समध्येच दोषारोप सिद्ध झाले व मग त्यांना माफी मिळाली. ती जखम ज्यांनी भोगली, त्यांना ‘तुम्ही मुळात अमुकच’ असे सांगण्याचा अधिकार मला कोणालाच द्यावासा वाटत नाही.

मृद्गंध :

उत्तरायण, साम्राज्याच्या काळातील वाइनविषयी आपण जे लिहिले ते मी मान्य करतो. ‘संस्कृती जर्मन’ हे माझे शब्द घाईचे होते, ते मागे घेतो. बोलीचा मुद्दा मात्र सोडत नाही. इच्छेने फ्रेंच झालेल्या लोकांना आपली बोली टिकवण्याचाही हक्क होता, आणि तो त्यांच्याकडून हिरावला गेला. नेपोलियनने पोपशी केलेला १८०१ चा धर्मविषयक करार तिथे आजही लागू आहे, गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या जादा सुट्ट्या आहेत, म्हणजे कायद्यात वेगळेपण चालते. तेच वेगळेपण वर्गात का चालू नये?

आणि बागायतदारांविषयी एक भर घालतो, कारण इथे आपले जुळते. ग्रां क्रू बागांमध्ये साधारणपणे रीस्लिंग, गेवुर्त्स्ट्रामिनर, पिनो ग्री आणि मस्कॅट हे चारच वाण मान्य आहेत. मिटेलबेर्गहाइमच्या झॉट्झेनबेर्ग या उतारावर मात्र सिल्व्हानरची परंपरा जुनी असल्याने त्या वाणालाही मान्यता देण्यात आली. नियम सबंध प्रदेशाचा होता, पण त्या उताराला काय शोभते हे गावाला ठाऊक होते आणि नियमाने गावाचे ऐकले.