मदत हवी आहे: दुपारी गव्हाची पानं वळतात, पहाटे उलगडतात. उरलेलं एक पाणी कधी देऊ?

नमस्कार मंडळी, अमळनेर तालुक्यातून लिहितोय. दीड एकर लोकवन गहू आहे. पऱ्हाटी उपटायला उशीर झाला (फरदडीचा, म्हणजे त्याच पऱ्हाटीवर आणखी कापूस घेण्याचा मोह, दुसरं काय), म्हणून पेरणी थेट १२ डिसेंबरला. आज ६४ दिवस झाले. ओंब्या निसवल्यात, फुलोरा चालू आहे. २१व्या आणि ४२व्या दिवशी पाणी दिलं. आता विहिरीतली मोटर तासाभरात हवा ओढते. फार तर एक पाणी निघेल, तेही तुकड्यातुकड्यानं.

चार दिवसांपासून बारा वाजले की पानांची सुरळी होते, मुरमाड पट्ट्यात जास्तच. लांबून वावर निळसर राखाडी दिसतं. पहाटे पाहावं तर पानं सरळ! आबा म्हणतात, "तरास काढी राह्यना, काढू दे त्याले." चुलतभाऊ म्हणतो, पाणी चिकासाठी (दाण्यात दूध भरतं तेव्हासाठी) राखून ठेव. दुकानदार १३:००:४५ (फवारायचं पोटॅशियम नायट्रेट खत) गळ्यात मारतोय.

हे झाड तग धरतंय की संपत चाललंय? २०२२ चा मार्च विसरलेलो नाही, १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात तापलेला मार्च होता तो. त्या वर्षी दाणा असा चिमला की आईचे मांडे खापरावर टाकण्याआधीच फाटायचे. अजून ऐकवते.

प्रतिसाद १

भाऊ, सुरळी ही झाडाचीच युक्ती. पानाच्या वरच्या अंगाला फुगीर पेशी असतात, पाणी कमी पडलं की त्या आधी पिचकतात आणि पान मिटतं. तेवढंच ऊन कमी लागतं. राखाडी झाक मेणाची. मुळांना कोरड जाणवली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं आणि पानांवरची छिद्रं मिटतात. गोची इथेच आहे. पाणी वाचतं, पण वाफ सोडून पान स्वतःला गार ठेवत होतं, तेही थांबतं. पान तापतं, वर अन्न तयार होणं मंदावतं. नुसता ताण किंवा नुसती उष्णता गहू बऱ्यापैकी सोसतो. दोन्ही एकदम आले की एकाचा इलाज दुसऱ्याला नडतो.

म्हणजे आबांचं अर्धं बरोबर. पहाटेही पानं वळलेली दिसली, किंवा खालून वाळत वर चढली, तर तग संपला समजा.

पाणी आत्ताच द्या. फुलोऱ्यात कोरड आणि ऊन एकत्र लागलं तर पराग वांझ होतो, आणि जो दाणा धरलाच नाही तो नंतरच्या पाण्यानं येत नाही. चिकात थोडा तरी आधार असतो: कांडीत साठलेली साखर दाण्याकडे वळते, ओंबीची कुसळंही अन्न तयार करतात. तुमचं २०२२ सालचं चिमलेपण दाणा भरतानाचं. उष्णतेत स्टार्च बनवणारी विकरं मंदावतात आणि भरण्याचे दिवसच घटतात. राहुरी विद्यापीठही दोनच पाणी असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी द्यायला सांगतं.

१३:००:४५ वाईट नाही, पण पाण्याची जागा घेत नाही. पाणी दिल्यावर, संध्याकाळी फवारा. आणि वारा असेल त्या रात्री भरणं नको, गहू लोळेल.

प्रतिसाद २

पुढच्या वेळी डिसेंबर उजाडला तर लोकवन नको. निफाडचं एनआयएडब्ल्यू ३४ किंवा फुले समाधान बघा. ते उशिरा पेरणीलाही चालतात.

धागाकर्ता

आभार दोघांचे. आज रात्रपाळीची लाईट आहे, वाराही पडलाय. मुरमाड पट्ट्यापासून सुरू करतो. आबांना फक्त "आबांचं बरोबर" एवढंच वाचून दाखवलं, "अर्धं" गाळून.