मदत हवी आहे: एल्बोच्या स्ट्रेस अ‍ॅनालिसिसमध्ये टोकं कशी बांधायची?

नमस्कार मंडळी,

६ इंची, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचा प्रमाणित वर्ग), ९० अंशाचा लाँग रेडियस एल्बो (पाइपचं वळण) एफईएने, म्हणजे संगणकावर छोट्या तुकड्यांत विभागून, शेल एलिमेंट (पातळ पत्र्यासारखे तुकडे) वापरून तपासतोय. बाहेरचा व्यास १६८.३ मिमी, जाडी ७.११, बेंडची त्रिज्या २२८.६. आत २० बार प्रेशर, शिवाय एल्बो मिटेल अशा दिशेने ५ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट.

एक टोक पूर्ण फिक्स केलंय. दुसऱ्या टोकाच्या कडेचे सगळे नोड (तुकड्यांचे जोडबिंदू) रिजिड लिंकने (न वाकणाऱ्या जोडणीने) मधल्या नोडला जोडून त्यावर मोमेंट दिलाय. मॉडेलला झाकण नाही, म्हणून प्रेशरची सुमारे ३७ किलोन्यूटन ओढ तिथेच वेगळी दिली.

प्रेशर बाजूला ठेवून नुसता मोमेंट लावला तर स्ट्रेस शंभर एमपीएच्या (मेगापास्कलच्या) आसपास येतो. दोन्ही बाजूंना १-१ मीटर सरळ पाइप जोडला की तोच १५० च्या वर जातो, आणि बाहेरच्या व आतल्या वळणाच्या मधोमध, एल्बोच्या बगलेवर दिसतो. हाताने काढलं तर सरळ पाइपात ३६ एमपीए, पाइपिंग कोडचा एसआयएफ (वळणामुळे स्ट्रेस किती पट धरायचा तो गुणक) २.२७, म्हणजे ८२. पहिलं मॉडेल याच्या जवळ आहे, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही. क्लायंटला कुठलं दाखवू?

प्रतिसाद १

दुसरं. मोमेंटखाली एल्बोचा काप लंबगोल होतो, बगलेवरचा स्ट्रेस त्यातूनच येतो. तुमची रिजिड लिंक आणि फिक्स टोक नेमकं तेच होऊ देत नाहीत. सरळ पाइप जोडला की ही बंधनं लांब जातात.

आता ८२ बद्दल. कोडचा एसआयएफ मार्कल या संशोधकाच्या फटीग (वारंवार भार देऊन तुटेपर्यंतच्या) चाचण्यांवरून आलाय आणि त्यात बट वेल्डला (दोन पाइप टोकाला टोक लावून केलेल्या वेल्डला) १ धरलंय. त्यामुळे एफईएतला इलॅस्टिक स्ट्रेस त्याच्या साधारण दुप्पट, १६० च्या घरात यायला हवा. जवळचा आकडा दिसला म्हणून पहिलं मॉडेल पास करू नका, ही तुलनाच चुकीची आहे.

प्रत्यक्षात एल्बोला लागून फ्लँज (बोल्टने जोडायची जाड कडी) आहे का? दोन्हीकडे असेल तर कोडही एसआयएफला ०.६३ ने गुणतो, आणि मग तुमची घट्ट टोकं बरीचशी बरोबर ठरतात.

धागाकर्ता

खूप आभार! एका टोकाला पंपाचा फ्लँज आहे, दुसरीकडे सरळ लाइन. म्हणजे ०.७९ चा गुणक, बरोबर ना? फ्लँजचं टोक फिक्स ठेवून फक्त दुसऱ्या बाजूला पाइप जोडतो आणि आकडे इथेच टाकतो.