स्त्री-पुरुष भूमिकांवर दोन छोटी पुस्तके सुचवा

पानगळ : वाचनगटासाठी एक जुने आणि एक अलीकडचे पुस्तक हवे आहे. स्त्री-पुरुषांच्या ठरीव भूमिका व्याख्यान न देता घरातल्या व्यवहारातून दाखवणारी पुस्तके असावीत. प्रत्येकी पाने दीडशेच्या आत असावीत, कारण वाचायला सर्वांना जेमतेम आठवडा मिळतो.

शब्दमित्र : 'जेन एअर' (१८४७) आणि जीन ऱ्हिस यांची 'वाइड सरगॅसो सी' (१९६६) ही जोडी घ्या. पहिलीत वरच्या मजल्यावर कोंडलेली नायक रॉचेस्टरची पत्नी केवळ भय दाटवण्यापुरती येते, दुसरीत तीच आपली कहाणी सांगते. माझ्याकडे दोन्हींच्या कापडी बांधणीच्या प्रती आहेत. पाने मोजत वाचणाऱ्यांनी साहित्याच्या वाटेला जावेच कशाला?

हिरवा कंदील : जोडी उत्तमच आहे, मात्र संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. माझ्या वाट्याला आलेल्या आवृत्तीत त्या कोंडलेल्या पत्नीला चार ओळींत गुंडाळले होते.

तिसरी घंटा : इब्सेन यांचे 'अ डॉल्स हाऊस' (१८७९) घ्या. नाटक असल्याने पानेही आटोक्यात राहतात. नायिका नोरा नवऱ्यापासून लपवून मॅकरून ही गोड बिस्किटे खाते आणि विचारल्यावर साफ नाकारते. त्या घरात कोणाची सत्ता चालते, हे तेवढ्यावरूनच कळते. शेवटी ती दार लावून निघून जाते.

शब्दमित्र : जर्मन रंगभूमीसाठी इब्सेन यांनीच लिहिलेल्या पर्यायी शेवटात ती जात नाही.

तिसरी घंटा : दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून त्यांनी तो लिहिला आणि नंतर स्वतःच त्याची निर्भर्त्सना केली. त्याच्या आधाराने नोराला घरी बसवू नका.

अनुक्रमणिका : ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हा निबंध कोणालाच आठवू नये, याचे नवल वाटते. त्यात घरगुती प्रसंगांची कथा नाही, हे मान्य. पण तसा रोखठोक जाब कथेतून विचारता येत नाही.

हिरवा कंदील : 'जेन एअर'च घ्या, पण संपूर्ण.

पानगळ : सर्वांचे आभार. जुन्यांपैकी शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) ही दीर्घकथा ठरवली आहे. तीत डॉक्टर नवरा प्रेमळच आहे. विश्रांतीच्या नावाखाली तो पत्नीचे लिहिणे बंद करतो आणि त्याची चाहूल लागताच ती लिहिलेले लपवते. अलीकडची म्हणून हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' (२००७) घेत आहोत. तिचा पहिला भाग नवराच सांगतो आणि पत्नीत विशेष काही नव्हते म्हणूनच तिच्याशी लग्न केले, हेही तो संकोच न बाळगता सांगतो. ती दीडशे पानांत बसत नाही, तरीही घेत आहोत.

शब्दमित्र : मग 'जेन एअर'ने काय घोडे मारले होते?