पेनेटाला लॉटरी लागली की तिने कमावलं?

मधली_आळी (धागाकर्ता)

परवा सकाळच्या टेनिसच्या ग्रुपमध्ये इटलीच्या जास्मिन पाओलिनीचा विषय निघाला आणि घसरत घसरत तिच्याच देशाच्या फ्लाव्हिया पेनेटावर आला. आमच्यातले एक काका म्हणाले, "तिचं काय घेऊन बसलात! सेरेना आयती बाहेर गेली, हिला लॉटरी लागली. पुन्हा जमायचं नाही हे कळलं तशी रॅकेट गुंडाळून मोकळी झाली." मी तिथे गप्प बसलो, कारण घरी काकांच्याच गाडीतून यायचं होतं. इथे बोलतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१५ ची अमेरिकन ओपन. सेरेना विल्यम्स त्या वर्षीच्या तिन्ही ग्रँड स्लॅम खिशात घालून आलेली. चौथी जिंकली की १९८८ च्या स्टेफी ग्राफनंतर पहिलं कॅलेंडर स्लॅम. उपांत्य फेरीत तिला क्रमवारीत ४३ व्या असलेल्या रॉबर्टा विन्चीने २-६, ६-४, ६-४ असं हरवलं. दुसऱ्या बाजूने पेनेटा आली. १२ सप्टेंबरची फायनल पेनेटाने ७-६, ६-२ जिंकली आणि करंडक उचलायच्या आधीच माईकवर सांगून टाकलं की टेनिसचा निरोप मला असाच घ्यायचा होता. वय ३३. खुल्या युगात (म्हणजे १९६८ पासून) इतक्या उशिरा एकेरीची पहिली ग्रँड स्लॅम कुठल्याच बाईने जिंकली नव्हती.

आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट व्हायला आलेली. गणपती पाच दिवसांवर, मी टीव्हीसमोर मखराचं थर्माकोल कापत बसलेलो. ते बोलणं ऐकताना हात थांबला तो थांबलाच. त्या वर्षी मखराचा डावा खांब उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता, आईने दहा दिवस ऐकवलं.

तर मुद्दा. लॉटरीवाल्यांनी ड्रॉ उघडून बघावा. चौथ्या फेरीत स्टोसूर, जी २०११ मध्ये हीच स्पर्धा जिंकलेली. मग पाचवी मानांकित क्विटोव्हा, तीही पहिला सेट गमावून. मग दुसरी मानांकित हालेप, ६-१, ६-३. यातली पडेल कोण? आणि त्याआधी न्यूयॉर्कमध्ये २००८, २००९, २०११, २०१४ ला ती उपांत्यपूर्व फेरीत होती, २०१३ ला उपांत्य. एवढ्या वेळा दार ठोठावल्यावर दार उघडलं तर त्याला लॉटरी म्हणतात का? आणि थांबली ते मला शंभर टक्के पटतं. बोला.

टायब्रेक

असहमत. काकांची भाषा वाईट असेल, हिशेब बरोबर आहे.

उपांत्यपूर्व म्हणजे काय हो? शेवटच्या आठांत. पाच वेळा दार ठोठावलं आणि पाच वेळा कुणीतरी आतून कडी लावली, हेही तितकंच खरं. पेनेटाला कारकिर्दीत सेरेनाला एकदाही हरवता आलं नाही. २००९ ला आणि २०१४ ला न्यूयॉर्कमध्ये तिला घरी पाठवणारी सेरेनाच होती. २०१५ ला समोर सेरेना असती तर निकाल काय लागला असता, हे तुम्हालाही माहीत आहे. एकेरीत एकूण ११ जेतेपदं. मोठी म्हणावी अशी किती? २०१४ चं इंडियन वेल्स आणि ही अमेरिकन ओपन. चांगली खेळाडू होती, कुणी नाही म्हणत नाही. पण 'महान'च्या पंगतीत पाट मांडायला घेऊ नका.

लाल_माती

@टायब्रेक, इंडियन वेल्स इतकं सहज ओलांडून जाऊ नका. तिथे उपांत्य फेरीत तिने ली नाला हरवलं होतं. ली ना त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून आलेली, अव्वल मानांकित. फायनलमध्ये राडवान्स्काला ६-२, ६-१.

पण धागाकर्त्यांशीही माझं भांडण आहे. इटलीच्या टेनिसचा विषय काढायचा आणि फ्रान्चेस्का स्कियावोनेचं नावही घ्यायचं नाही, म्हणजे देवळात जाऊन गाभाऱ्यात न डोकावण्यासारखं आहे. २०१० ची फ्रेंच ओपन. त्याआधी एकाही इटालियन बाईने एकेरीची ग्रँड स्लॅम जिंकली नव्हती. दार तिने उघडलं, पेनेटा पाच वर्षांनी त्यातून आत आली. स्टोसूरविरुद्ध दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये बाई सुटल्यासारखी पुढे पुढे धावत होती. जिंकल्यावर पालथी पडून मातीचा मुका घेतला. एकहाती बॅकहँड, वर उंच उडणारा टॉपस्पिन, मधेच नेटवर. ते बघायला तिकीट काढावं असं टेनिस. पेनेटाचं टेनिस नीटनेटकं होतं. कचेरीतल्या चांगल्या हेडक्लार्कसारखं.

मधली_आळी

हेडक्लार्क! बरं. पण तुमच्याच स्कियावोनेवर एक प्रश्न. त्या फ्रेंच ओपनमध्ये सेरेना आणि हेनन दोघींना बाहेर कुणी काढलं? स्टोसूरने. उपांत्य फेरीत डेमेंतिएव्हाने एका सेटनंतर दुखापतीमुळे सामना सोडला. म्हणजे अवघड सफाई दुसऱ्याने केली आणि स्कियावोने फायनलला एकटीच ताजीतवानी. त्याला कुणी लॉटरी म्हणत नाही, कारण ती मातीत लोळली आणि फोटो छान आला. पेनेटाने नुसती रॅकेट हवेत भिरकावली आणि नेटपाशी जाऊन मैत्रिणीला मिठी मारली. फोटोच्या शर्यतीत हरली बिचारी.

स्लाईस_बॅकहँड

त्या 'मैत्रिणी'बद्दल कुणी बोलणार आहे का? की विन्ची या कथेत फक्त मिठी मारून घ्यायला आली होती?

पेनेटा ब्रिंडिसीची, विन्ची तारांतोची. दोन्ही गावं पुलिया प्रांतात, इटलीच्या बुटाच्या टाचेत, गाडीने तासाभराच्या अंतरावर. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या दोघी न्यूयॉर्कला फायनल खेळतायत असं समजा. लहानपणापासून एकमेकींशी खेळलेल्या. १९९९ ला फ्रेंच ओपनची मुलींची दुहेरी दोघींनी मिळून जिंकली. फायनलसाठी इटलीचे पंतप्रधान रेन्झी विमानाने न्यूयॉर्कला आले होते.

सेरेनाला हरवणं हे त्या पंधरवड्यातलं खरं काम होतं आणि ते विन्चीने केलं. तिसऱ्या सेटमधला तो पॉईंट आठवतो? अख्खं आर्थर अ‍ॅश स्टेडियम सेरेनासाठी ओरडतंय, विन्ची पॉईंट जिंकते आणि हात कानापाशी नेऊन प्रेक्षकांना खुणावते की जरा माझ्यासाठीही टाळ्या वाजवा. दुसऱ्या दिवशी तिच्या पायात काही उरलंच नव्हतं. तरी पहिला सेट टायब्रेकपर्यंत खेचला. तो खाली घसपटत जाणारा स्लाईस, पेनेटाला दर वेळी गुडघ्यात वाकून उचलायला लागत होता.

आणि मग निवृत्तीची घोषणा. आदल्या दिवशी टेनिसमधला एक अशक्य वाटणारा निकाल लावणारी बाई शेजारच्या खुर्चीत बसलीय, आणि सगळे कॅमेरे पुन्हा पेनेटावर. हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

आकडेमोड

आकडा नव्हे, पण दुरुस्ती. 'पेनेटा शिखरावर थांबली' हे अर्धसत्य आहे. न्यूयॉर्कनंतरही ती त्या मोसमात खेळत राहिली. २८ सप्टेंबरला क्रमवारीत सहावी, हे तिचं सर्वोच्च स्थान. मग सिंगापूरची वर्षअखेरची स्पर्धा. तिथे हालेपने उट्टं काढलं, ६-० चा सेट दिला. राडवान्स्काला पेनेटाने हरवलं. शेवटचा सामना शारापोव्हाविरुद्ध, तो हरली. म्हणजे कारकिर्दीतला अखेरचा सामना पराभव.

शेवटचा सामना जिंकून, तोही ग्रँड स्लॅमची फायनल जिंकून गेलेला माणूस हवा असेल तर सँप्रास, २००२. पण त्याने ते जाहीर करायला पुढचं वर्ष उजाडवलं.

पाटावरचा

शेवटी लोक विचारतात 'का जातोस?' तेव्हा जावं, 'कधी जाणार?' विचारायची वेळ आणू नये. विजय मर्चंट म्हणायचे असं सांगतात.

टायब्रेक

आलं! मर्चंटांचं वाक्य आलं. दहाव्या प्रतिसादाच्या आत येणार यावर मी बायकोशी चहा लावला होता. आज तिने करायचा.

क्रिकेटमधलं ते वाक्य इथे लागू नाही हो. क्रिकेटमध्ये तुम्ही थांबला नाहीत तर तुमच्यामागे उभ्या असलेल्या पोराची जागा अडते. टेनिसमध्ये पेनेटा पुढच्या वर्षी खेळली असती तर कुणाची जागा अडली असती? तिचं स्थान तिने कमावलेलं. सहाव्या क्रमांकावरची खेळाडू घरी गेली, नुकसान बघणाऱ्यांचं. @स्लाईस_बॅकहँड यांच्या विन्चीकडेच बघा. ती थांबली नाही. २०१६ ला सेंट पीटर्सबर्ग जिंकली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पहिल्या दहात शिरली, सातव्या क्रमांकापर्यंत गेली. २०१८ ला रोममध्ये घरच्या लोकांसमोर थांबली. थांबणं हेच शहाणपण असेल तर विन्चीला काय म्हणायचं?

पोळपाट_लाटणं

टेनिसमधलं मला फार कळत नाही, बॅडमिंटन खेळायचे. पण मनगटावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

पेनेटाच्या उजव्या मनगटावर २०१२ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. ती उजव्या हाताने खेळणारी. माझीही उजव्या मनगटावर झाली आहे, म्हणून सांगते. टाके निघाले म्हणजे बरं झालं असं घरच्यांना वाटतं. दुधाचं पातेलं दोन महिन्यांनी उचललं तर अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की पातेलं सिंकमध्ये. तवा तर त्याहून पुढची गोष्ट. आणि दुखणं गेल्यावर भीती राहते ती वेगळीच. हात शटलकडे जातो, पण शेवटच्या क्षणी आपोआप आखडता घेतला जातो. कुणाला दिसत नाही, आपल्याला कळतं.

त्या हाताने परत ताशी दीडशे-दीडशे किलोमीटरच्या सर्व्हिस परतवायच्या! २०१३ ला तिची क्रमवारी दीडशेच्याही खाली गेली होती. तेव्हाच सोडायचा विचार तिच्या मनात होता. त्याच वर्षी अमेरिकन ओपनला ती ८३ वी होती आणि एरानी, कुझ्नेत्सोव्हा, हालेप, विन्ची अशा चौघींना हरवून उपांत्य फेरीत गेली. अझारेंकाने थांबवलं. माझ्या मते तिची कारकीर्द त्या दोन आठवड्यांत आहे. २०१५ हे त्याचं व्याज.

आणि थांबण्याबद्दल. निर्णय तिने महिनाभर आधीच घेतला होता असं तिनेच तिथे सांगितलं. म्हणजे 'पुन्हा जमणार नाही म्हणून पळाली' हे काकांचं म्हणणं मुळातच चुकतं. जिंकेल हे माहीत नसताना ठरवलं होतं. जिंकल्यावर ठरवलं ते न मोडणं, हे जास्त अवघड. मी असते तर मोडलं असतं.

लाल_माती

हे मान्य करावं लागेल. हेडक्लार्क मागे घेतो. म्हणजे पूर्ण नाही, थोडा मागे.

आकडेमोड

दुहेरी राहिली, ती लिहून ठेवतो. अर्जेंटिनाच्या जिसेला दुल्कोबरोबर २०१० ची वर्षअखेरची स्पर्धा आणि २०११ ची ऑस्ट्रेलियन ओपन. २८ फेब्रुवारी २०११ ला दुहेरीत जागतिक क्रमांक एक. एकेरीत पहिल्या दहात येणारी पहिली इटालियन महिलाही तीच, ऑगस्ट २००९. स्कियावोने नंतर आली, मग चौथ्या स्थानापर्यंत गेली हे खरं. फेड कप (देशांच्या महिला संघांची स्पर्धा) इटलीने जिंकला त्या २००६, २००९, २०१०, २०१३ अशा चारही वर्षांत संघात नाव.

अवांतर : मार्टिना हिंगिसची २०१४ मधली जोडीदार पेनेटाच होती, दोघी अमेरिकन ओपनच्या फायनलला हरल्या. २०१५ मध्ये हिंगिसने सानिया मिर्झाला घेतलं. पेनेटा एकेरी जिंकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर सानिया-हिंगिसने दुहेरी जिंकली.

टायब्रेक

सानियाचं मला आठवत होतं, पण हिंगिस आधी हिच्याबरोबर होती हे विसरलो होतो.

@पोळपाट_लाटणं, मनगटाचा मुद्दा वजनदार आहे. पण जिद्द मोठी म्हणून कारकीर्द मोठी होत नाही. जिद्दीचे गुण वेगळे, खेळाचे वेगळे. मी अजूनही स्कियावोने आधी, मग पेनेटा असंच लावतो. लॉटरी हा शब्द मात्र काकांनी मागे घ्यावा.

मधली_आळी

एवढं पुरे झालं मला. सिंगापूरचं मी साफ विसरलो होतो, तेव्हा 'शंभर टक्के पटतं' मधले दहा टक्के @आकडेमोड यांना. विन्चीवरचा कॅमेऱ्यांचा अन्यायही कबूल. पण तो कॅमेऱ्यांचा. समारंभ सुरू व्हायची वाट बघत दोघी शेजारी शेजारी बसून गप्पा मारत होत्या, हे मी कटर हातात धरून बघितलंय. भांडणाचं काही दिसलं नाही तिथे.

आणि पेनेटाचा एकच सामना बघायचा असेल तर २००९ ची अमेरिकन ओपन, चौथी फेरी, समोर झ्वोनारेव्हा. सहा मॅच पॉईंट वाचवले. झ्वोनारेव्हा वैतागून गुडघ्यांवरच्या पट्ट्या ओरबाडून काढत होती, रडत होती. तिसरा सेट ६-०. हेडक्लार्क असं करत नाहीत.

काकांना हा धागा पाठवू का?

पोळपाट_लाटणं

उद्या सकाळी घरी पोचल्यावर पाठवा.