जपान: रेल्वेने पाच-सहा शहरे पाहण्याचा आराखडा तपासून हवा आहे

प्रश्न

परदेशात स्वतः आखणी करून सहलीला जाण्याची आमची ही पहिलीच वेळ आहे. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मी, पत्नी आणि सत्तरी ओलांडलेली आई असे तिघे जपानला जाणार असून हाताशी बारा रात्री आहेत. गाडी भाड्याने घ्यायची नाही. सर्व प्रवास रेल्वे, बस आणि गरज पडल्यास बोटीने करायचा, एवढे पक्के आहे.

सध्याचा आराखडा असा: टोकियोत तीन रात्री, मग हाकोने, ताकायामा आणि कानाझावा येथे एकेक, क्योटोत दोन, नारा, हिरोशिमा आणि ओसाका येथे पुन्हा एकेक, आणि शेवटची रात्र परतीच्या विमानासाठी टोकियोत. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत. हा क्रम योग्य आहे का, सात दिवसांचा जपान रेल पास घ्यावा का, आणि तीन मोठ्या बॅगा व जिने चढताना दमणारी आई यांच्यासह हे सारे जमेल का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

विमानाची तिकिटे काढलेली नाहीत, हे फार चांगले झाले, कारण आराखड्यातील पहिली दुरुस्ती तिथेच आहे. टोकियोत उतरून ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परत निघा. तिकीट शोधताना जाण्या-येण्याच्या नेहमीच्या पर्यायाऐवजी ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडलात की अशी जोडी दिसते. असे केल्याने ओसाकाहून टोकियोला परत येण्याचा अडीच तासांचा प्रवास, त्याचे भाडे आणि केवळ विमानासाठी राखलेली एक रात्र, असे तिन्ही वाचते.

दुसरी गोष्ट मुक्कामांच्या संख्येची. तुमच्या आराखड्यात आठ वेळा हॉटेल बदलावे लागते. जपानमध्ये हॉटेलची खोली सकाळी दहा-अकराच्या सुमारास सोडावी लागते आणि नवी खोली बहुधा दुपारी तीनपूर्वी मिळत नाही. त्यामुळे गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला, तरी सकाळची आवराआवर, स्थानक गाठणे आणि पुढच्या हॉटेलात बॅगा ठेवून खोलीची वाट पाहणे यांत दिवसाचा मधला भाग निघून जातो. गाड्या कितीही वेळेवर धावल्या तरी हा वेळ वाचत नाही.

म्हणून जे शहर दुसऱ्या शहरातून दिवसभरात पाहून येता येते, तिथे मुक्काम करू नये. नारा क्योटोहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) जलद गाडीने पाऊण तासावर आहे. ओसाका तर ‘शिन-काइसोकू’ या विशेष जलद गाडीने अर्ध्या तासावर आहे, आणि त्या गाडीला वेगळे आरक्षणही लागत नाही. हाकोने मी वगळले असते. तिथली फेरी डोंगरी रेल्वे, केबल कार, रोपवे आणि बोट अशी वाहने बदलत पूर्ण करायची असते. तरुणांना त्यातच मौज वाटते, परंतु प्रत्येक बदलाला रांग आणि चढ-उतार असल्यामुळे तुमच्या आईंना त्याचा शीणच अधिक होईल.

ताकायामा आणि कानाझावा यांपैकी एकच ठेवा, आणि ते कानाझावा असावे. टोकियोहून थेट शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) सुमारे अडीच तासांत तिथे पोहोचते. मार्च २०२४ मध्ये हा मार्ग पुढे त्सुरुगापर्यंत वाढल्यापासून क्योटोला जाताना त्सुरुगाला गाडी बदलून ‘थंडरबर्ड’ ही साध्या मार्गावरची जलद गाडी धरावी लागते. शिंकान्सेनचे फलाट वर आणि थंडरबर्डचे खाली आहेत. दोन्ही गाड्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या आहेत खऱ्या, पण बदलायला मिळणारा वेळ काही वेळा दहा मिनिटांहूनही कमी असतो, त्यामुळे उतरताच लिफ्टचा रस्ता धरावा, फलाटावर छायाचित्रे काढत थांबू नये.

आणखी एक: नोव्हेंबरचा उत्तरार्ध म्हणजे क्योटोतील लाल पानांचा ऐन हंगाम. बाकी सर्व आरक्षणे मागे ठेवा, पण क्योटोचे हॉटेल सर्वप्रथम ठरवा.

प्रतिसाद २

पासबद्दल लिहितो. ऑक्टोबर २०२३ पर्यंत सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येन होती, आणि तेव्हा टोकियो-क्योटो जाऊन-येऊन प्रवास केला तरी तो जवळजवळ वसूल होत असे. त्या महिन्यात ती थेट ५०,००० येन झाली. इंटरनेटवरील जुने लेख अजूनही पास डोळे झाकून घ्यायला सांगतात. त्यांची तारीख आधी पाहावी.

आता तुमचा हिशेब. वर सुचवलेल्या मार्गाने टोकियो-कानाझावा सुमारे १४,००० येन, कानाझावा-क्योटो १०,००० येनांच्या आत, आणि हिरोशिमा ठेवलेच तर क्योटो-हिरोशिमा सुमारे ११,००० येन व तिथून ओसाकाला परतण्याचे साधारण तेवढेच. चारही प्रवास धरले तरी बेरीज पासच्या किमतीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय पास सलग सात दिवसांचा असतो. कानाझावात दोन, क्योटोत चार आणि हिरोशिमात एक रात्र धरली, तर टोकियो सोडल्यापासून ओसाकाला पोहोचण्याचा दिवस आठवा येतो, म्हणजे शेवटचे तिकीट पास असूनही वेगळे काढावे लागेल. सर्वांत जलद ‘नोझोमी’ गाडीसाठी पासधारकाला जादा पैसे भरावे लागतात, हे निराळेच.

थोडक्यात, सुटी तिकिटे काढावीत. शहरांतर्गत प्रवासासाठी मात्र सुईका, पास्मो किंवा इकोका यांपैकी एक प्रीपेड कार्ड प्रत्येकाकडे स्वतंत्र हवेच. तिघांत एक चालत नाही, कारण प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची नोंद कार्डावर होते. पर्यटकांसाठीच्या ‘वेलकम सुईका’ला अनामत नसते, ते २८ दिवस चालते आणि त्यातील उरलेली रक्कम परत मिळत नाही, म्हणून शेवटच्या दिवसांत त्यात बेताने पैसे भरावेत.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मी फक्त सामान आणि आई यांच्याविषयी लिहिते, कारण माझ्या मते या सहलीचे यश पासापेक्षा त्यावर अवलंबून आहे.

तीन मोठ्या बॅगा घेऊन शिंकान्सेनमध्ये चढू नका. तोकाइदो-सान्यो मार्गावर, म्हणजे तुमच्या क्योटो-हिरोशिमा प्रवासातही, लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटच्या रांगेतील विशिष्ट आसन आधीच आरक्षित करावे लागते. त्याला वेगळे शुल्क नाही, परंतु आरक्षणाशिवाय अशी बॅग आणल्यास १,००० येन द्यावे लागतात. क्योटोसारख्या मधल्या स्थानकावर गाडी एक-दोन मिनिटेच थांबते. तेवढ्यात आईंना सांभाळत तीन बॅगा आत घेणे म्हणजे तारेवरची कसरत आहे.

त्याऐवजी ‘ताकुहाइबिन’ ही घरपोच सामान पाठवण्याची सेवा वापरा. हॉटेलच्या स्वागतकक्षात अर्ज भरून बॅग दिली की ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातील हॉटेलात पोहोचते, आणि पोहोचण्याची तारीख पुढची हवी असल्यास तीही लिहिता येते. टोकियोतून मोठ्या बॅगा थेट क्योटोला पाठवा आणि कानाझावाला दोन दिवसांचे कपडे पाठपिशवीत घेऊन जा. त्सुरुगाची ती घाईची बदलीही त्यामुळे सोपी होईल. औषधे आणि पासपोर्ट मात्र त्या बॅगांत चुकूनही ठेवू नका.

टोकियोत हॉटेल निवडताना पुढची गाडी कोणती, हे आधी पाहा. बहुतेक जण शिंजुकू निवडतात. तिथे दोनशेहून अधिक बाहेर पडण्याच्या वाटा आहेत आणि शिंकान्सेन तिथे येतच नाही. उएनो बघा. नारिता विमानतळावरून स्कायलायनर थेट तिथे येते, आणि कानाझावाच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात. उएनोचे शिंकान्सेन फलाट मात्र जमिनीखाली चार मजले खोल आहेत, म्हणून गाडीच्या अर्धा तास आधी स्थानकात असावे.

प्रवेशद्वारावर गोंधळ होतो तो असा: कागदी तिकिटे काढली तर बहुधा प्रत्येकाच्या हाती दोन तिकिटे येतात, एक मूळ भाड्याचे आणि एक शिंकान्सेनचे. ती दोन्ही एकावर एक ठेवून एकाच वेळी यंत्रात घालायची असतात. पलीकडच्या टोकाला दोन्ही बाहेर येतात, ती न विसरता उचलायची. आईंना पुढे ठेवा आणि त्यांची तिकिटेही तुम्हीच यंत्रात घाला.

क्योटोत बसवर फार विसंबू नका. हंगामात त्या खच्चून भरलेल्या असतात, आणि अनेक बसमध्ये मागून चढून २३० येनांचे भाडे उतरताना पुढच्या दाराशी द्यायचे असते, त्यामुळे गर्दीतून पुढे सरकणे भाग पडते. शक्य तिथे भुयारी रेल्वे घ्या, आणि अखेरच्या टप्प्याला टॅक्सी. सार्वजनिक वाहतुकीचा नियम आईंच्या गुडघ्यांपेक्षा मोठा नाही.

प्रतिसाद ४

हिरोशिमाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. अनेक जण क्योटोहून एका दिवसात हिरोशिमा आणि जवळचे मियाजिमा बेट दोन्ही उरकतात. नोझोमी सुमारे एक तास चाळीस मिनिटांत पोहोचते, त्यामुळे कागदावर ते जमते. पण हिरोशिमाहून मियाजिमागुचीपर्यंत लोकल अर्धा तास, पुढे बोट दहा मिनिटे, आणि समुद्रातील तोरीचे (देवळाच्या प्रवेशकमानीचे) रूप भरती-ओहोटीवर अवलंबून. भरतीला ते पाण्यात उभे दिसते, ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येते. भरतीचे वेळापत्रक तुमच्या गाडीशी जुळेलच असे नाही. शिवाय शांतता स्मारक संग्रहालयातून बाहेर पडल्यावर लगेच दुसरे काही पाहण्याची मनःस्थिती राहत नाही. एक तर तिथे एक रात्र राहा, नाही तर हिरोशिमा पूर्णपणे सोडा. घाईने जाऊन येऊ नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नवा आराखडा असा: टोकियोत उएनोला चार रात्री, कानाझावात दोन, क्योटोत चार आणि त्यातून एक दिवस नारा, हिरोशिमात एक आणि ओसाकात एक. पास घेणार नाही. मोठ्या बॅगा टोकियोहून क्योटोला, आणि हिरोशिमाला निघण्याच्या सकाळी क्योटोहून ओसाकाला पाठवीन. विमान दुपारचे आहे. ओसाकातील एका रात्रीसाठी कोणत्या भागात राहावे?

प्रतिसाद ३

आराखडा उत्तम झाला आहे. नांबा भागात राहा. हिरोशिमाहून शिन-ओसाकाला उतरल्यावर मिदोसुजी भुयारी मार्गाने तिथे पंधरा मिनिटांत जाता येते, आणि नांबाहून नान्काई कंपनीची गाडी थेट कान्साई विमानतळावर जाते. बॅगा वेळेवर हाती येतील ना, हे क्योटोच्या हॉटेलात बॅग देतानाच विचारून घ्या, कारण ओसाकात एकच रात्र आहे.

प्रतिसाद १

एक भर घालतो. काही कारणाने नान्काईऐवजी जेआरची विमानतळ जलद गाडी घेतलीत, तर ती हिनेनो स्थानकावर दुभंगते: पुढचे चार डबे विमानतळाकडे जातात आणि मागचे वाकायामाकडे. डब्याबाहेरच्या फलकावर गंतव्य लिहिलेले असते, ते वाचूनच आत बसा.